तुळईची कडी

नाथाजी हवालदारांनी गाडीतून आधी पाळणा उतरवला आणि मग लेक. हा उलटा क्रम ओसरीवरच्या बायकांनी बरोबर टिपला. त्यांच्या नजरेतून सुटतं काय! पाळणा साताऱ्याच्या सुताराकडून मुद्दाम घडवून घेतलेला होता. सागवानी, चार कोपऱ्यांवर हिरवे राघू, टांगायला पितळी साखळ्या. स्टेशनापासून गावापर्यंतच्या रस्त्यात ओरखडा उठू नये म्हणून हवालदारांनी तो पेंढ्यात गुंडाळून आणला होता. साळू मात्र अडीच महिन्यांचं पोर पदराखाली धरून नुसत्या फळीवर बसून आली होती, आणि उतरताना तिचे पाय लटपटत होते.

अंबूबाईंनी नातवावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायांवर पाणी घातलं, पोराच्या डोळ्यांना पाणी लावलं. नातू म्हणजे दुधावरची साय. त्यातून भाऊसो तिकडं ब्रह्मदेशाच्या लढाईवर, आपलं पोर त्यानं अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून ओवाळताना अंबूबाईंचे डोळे भरून आले होते. मग त्यांचं लक्ष पाळण्याकडं गेलं आणि ते डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्ये भायेरच ऱ्हाऊ द्या. उंबऱ्याच्या आत नगं."

बनुबाई, म्हणजे घरातली थोरली जाऊ, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. विधवेनं ओवाळणीच्या वेळी पुढं यायचं नाही हे त्यांना कुणी सांगायला लागत नव्हतं. इतक्या वर्षांत ती चौकट त्यांच्या खांद्याच्या सवयीची झाली होती. तिथून त्यांना पाळणा दिसला, आणि हातातला तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

हंबीररावांनी व्याह्यांना घोंगड्यावर बसवलं, गूळपाणी पुढं केलं आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवून तोंड उघडलं.

"हवालदार, राग मानू नगा. चीज लय देखणी हाय. पन आमच्या घराला पाळणा लाभत न्हाई."

"लाभत न्हाई म्हंजे?"

"आमचं थोरलं दादा, लालासाहेब, त्ये बसऱ्याच्या लढाईत ऱ्हायलं. त्येंचं पोर, गुंडा, हितं पाळण्यात गेलं. दोन म्हैन्याचं हुतं. चांगलं धडधाकट. निजलं ते निजलंच. आमच्या आईनं त्याच दिशी पाळणा गुऱ्हाळाच्या चुलवाणात घातला आन आण घातली, की ह्या घरात परत पाळणा टांगायचा न्हाई. तवापास्नं आमच्यात पोरं आईच्या कुशीतच निजत्यात. माझी तिन्ही तशीच वाढली. बारशाला नाव बी मांडीवरच ठेवतो आमी."

"लाकडाला काय कळतंय, दादा? दवाखान्यातल्या नर्सबाईनं मला म्होरं उभं करून सांगितलंय. पोर आईच्या जवळ ठेवा, पन निराळ्या जागंवर निजवा. उशी नगं, जाड वाकळ नगं, त्वांडावर कापड नगं. साळूला बाळंतपणात हिवताप झाला. अंगात आजून ताकद न्हाई, औषिदाची गुंगी येती. एकदा डोळा लागला की उशाला ताशा बडवला तरी उठत न्हाई ती. म्हनून तर आठ दिस सुताराच्या दारात बसून ह्यो करून घेतला."

"नर्सबाईला सोताची पोरं किती?" अंबूबाईंनी आतून विचारलं, आणि शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या.

हवालदारांनी वीस वर्षं पलटणीत काढलेली. हुकूम घेणं आणि देणं त्यांना दोन्ही जमायचं, पण विहिणीच्या टोमण्याला काय उत्तर द्यायचं ते पलटणीत शिकवत नाहीत. ते मिशी चावत बसले. पाळणा ओसरीच्या कोपऱ्यात पेंढ्यासकट पडून राहिला.

माजघराच्या तुळईला जुन्या पाळण्याची कडी अजून होती. घरात लोखंड वाया घालवायचं नाही, म्हणून सासूबाईंनीच पुढं तिला शिंकं टांगलं होतं. शिंक्यातलं दुधाचं गाडगं काढताना बनुबाई कधी मान वर करत नसत; हाताला ते सवयीनं सापडायचं. गावाला, घराला, सगळ्यांना पाळण्याची गोष्ट पाठ होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर सव्वीस वर्षं ह्याच घरात भाकरी थापत होता.

सुळी काही एकट्या पाळण्याला मिळाली नव्हती. दुसरी वाटेकरीण जेवणवेळेच्या आत शिरवळहून येऊन ठेपली. लीलाबाई, हंबीररावांची धाकटी बहीण. भाऊसोला सख्खी बहीण नाही, तेव्हा बारशाला पोराच्या कानात नाव सांगायचा मान खरं तर या आजेआत्याचा. पण लीलाबाई ओसरीवर आली, कोपऱ्यातला पाळणा पाहिला, आणि पायऱ्यांच्या कडेलाच टेकली.

"लीलाताई, तुमी तितंच बसा हां," अंबूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पोर आत्ताच आलंय. उगं कशाला?"

"व्हय वैनी. मी हितंच बरी हाय," लीलाबाई म्हणाली. उजवा हात तिनं पदराखाली घेतला.

तो हात तिनं का झाकला हे बनुबाईंना ठाऊक होतं. गुंडा गेला तेव्हा लीला नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी तिनं पाळण्यात आपली चिंध्यांची बाहुली निजवून झोके दिले होते, आणि पोर गेल्यावर बिचारीनं आपणहून ते सांगूनही टाकलं. रिकामा पाळणा हलवला की भरल्या पाळण्याचा घात होतो, हे तर शेंबडं पोरही जाणतं. सासूबाईंनी उलथनं तापवलं आणि तिच्या उजव्या तळव्याला चटका दिला. पुढं "रिकामा पाळणा हलवणारी" हे नाव तिच्या आधी सोयऱ्यांच्या दारात जाऊन बसायचं. शेवटी शिरवळच्या एका बिजवराला ती दिली. तिची कूस उजवली नाही, आणि कुणी तिच्या ओटीत आपलं पोर दिलं नाही. सव्वीस वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता की बनुबाईंना तो तळवा आठवला नाही. आठवायचा आणि तोंडाला कुलूप बसायचं.

जेवणं झाली. हंबीरराव व्याह्यांची समजूत काढायला त्यांना गुऱ्हाळावर घेऊन गेले. साळू माजघरात बाजेवर पोराला पाजत आडवी झाली. जानेवारीची थंडी, म्हणून अंबूबाईंनी दोघांवर दुपदरी वाकळ घातली. बाजेचं सुंभ सैल पडलं होतं, मधे चांगला खळगा झाला होता. बनुबाई वातींचा कापूस घेऊन उंबऱ्यात बसल्या.

हे त्यांचं नेहमीचं. अंबूबाईंच्या तिन्ही पोरांच्या वेळी त्या अशाच बसल्या होत्या. दुपारी वाती, रात्री जपमाळ. बाळंतीण निजली की त्या जाग्या. कुणी म्हणायचं बाईला पोराचं वेड लागलंय, कुणी म्हणायचं डोळा ठेवते. तीन पोरं पार पडली तेव्हा बनुबाईंचे केस पिकले होते आणि कुणाला काही कळलं नव्हतं. एका झोपेची एवढी फेड करावी लागते, हे त्यांनी कुणाला सांगायचं?

"आक्का," परसातून अंबूबाईंची हाक आली, "पाटीभर शेण्या आना बरं वळचणीतनं. पान्याखाली जाळ ऱ्हाईना झालाय."

"साळू निजलीया, अंबू."

"मग? तिला काय तुमी निजवताय व्हय? उठा."

बनुबाई उठल्या. त्यांनी पाटी भरली, धावत म्हणावी अशी ती परसात नेऊन ओतली आणि हातही न झटकता परत आल्या. साळू कुशीवरून पालथी व्हायला आली होती. तोंड उघडं, घोरत होती. बाजेवर पोर दिसेना. साळूच्या दंडाखाली, वाकळीच्या घडीतून एक पाऊल तेवढं बाहेर आलं होतं. ते हलत नव्हतं.

बनुबाईंनी वाकळ भिरकावली, साळूचा दंड दोन्ही हातांनी उचलला आणि पोर ओढून काढलं. ओठ निळसर पडले होते. त्यांनी त्याला उताणं हातावर घेतलं, तळपाय चोळले, तोंडाजवळ तोंड नेऊन "बाळा, आरं बाळा" म्हणाल्या. पोरानं एक आचका दिला, श्वास ओढला आणि घर डोक्यावर घेतलं.

साळू दचकून उठली. "माझं पोर! माझं पोर का वढलं?"

अंबूबाई ओल्या हातांनी आत आल्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की सून बाजेवर रडते आहे आणि जाऊ पोर छातीशी घट्ट धरून उभी आहे.

"तिच्या अंगाखाली सापडलं हुतं," बनुबाई म्हणाल्या.

"न्हाई वो आत्याबाई! मी जागीच हुते," साळू हुंदके देत म्हणाली. "नुसता डोळा मिटला हुता."

ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. बनुबाईंना ते वाक्य ओळखीचं होतं.

अंबूबाईंनी पोर हिसकून घेतलं. "आज बोलतेच मी. माझ्या एकेका पोरापाशी तुमी अशाच डोळं लावून बसला. मी गिळलं. म्हनलं, वांझ न्हाई पन वांझंवानी झालीया, बसू दे. आता निजल्याली पोरं वढायला लागला? तुमचं गेलं म्हनून दुसऱ्याचं बगवत न्हाई व्हय?"

ओसरीवरून लीलाबाई उठून दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. तेवढ्यात पोराचं रडणं ऐकून पुरुषमाणसंही गुऱ्हाळावरून परतली. साळूनं वडलांना पाहून आणखीच सूर लावला, आणि मग जो तो बोलू लागला.

"साळू, गठुडं बांद," हवालदार म्हणाले. "पाळणा टांगत न्हाई, पोराच्या जिवावर बेतल्यालं. माझी लेक मी घेऊन चाललो."

"लेक तुमची, नातू ह्या घरचा हाय," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण व्याहीपणाचा गोडवा तिथंच संपला. "भाऊसो लढाईवरनं येईस्तवर त्यो ह्या उंबऱ्याभायेर जायचा न्हाई."

"आन आक्कांचं काय?" अंबूबाईंनी विचारलं. "त्या हितं असताना मला घोटभर पानी जायचं न्हाई. त्यास्नी गुऱ्हाळावरच्या खोपीत ऱ्हाऊ द्या. पोर चालाय लागंस्तवर त्येच्या वाऱ्याला बी उभं ऱ्हायचं न्हाई त्यांनी."

हंबीररावांनी भावजयीकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "वैनी," ते म्हणाले, "थोडं दिस जावा खोपीत."

खोपीचं बनुबाईंना काही नव्हतं. पण खोपीत गेलं की उंबऱ्यात कोण बसणार? अंबू मेहनती बाई, दुपारी पडली की दगड. आणि साळू तिच्याहून दगड. आज पाऊल दिसलं म्हणून निभावलं, उद्या? पोराला वाचवायला आता एकच गोष्ट उरली होती आणि ती कोपऱ्यात पेंढ्यात पडली होती. ती आत आणायची तर आधी दुसरं काही बाहेर काढायला हवं होतं. या घरात बनुबाईंच्या मालकीचं असं फक्त एक होतं: गुंडाची दुर्दैवी आई म्हणून मिळणारी कीव. एवढ्या कीवेवर त्या सव्वीस वर्षं जगल्या होत्या. ती दिली की हातात काही राहत नव्हतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "गुंडा पाळण्यात गेला न्हाई."

कुणाला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं.

"गुंडा पाळण्यात गेला न्हाई. माझ्या अंगाखाली गेला. ह्याच जागंवर, ह्याच बाजंवर. गुऱ्हाळ चालू हुतं. पाटं तीनला उठून गड्यांच्या भाकरी थापल्या हुत्या मी. दुपारी त्येला पाजाय म्हनून पडले. मला वाटलं मी जागीच हाय. उठले तवा त्यो माझ्या दंडाखाली हुता. गार झाला हुता."

साळूनं रडणं थांबवलं.

"घरात कोन न्हवतं. आत्याबाई जीव घेतील आसं वाटलं. मी त्येला उचलला, पाळण्यात घातला, दुपटं पांघरलं आन धुनं घिऊन हिरीवर गेले. जानूनबुजून गेले. कुनाला तरी दुसऱ्यालाच दिसू दे म्हनून." त्यांनी दाराकडं पाहिलं. "त्ये लीलाला दिसलं. खेळून आली आन झोका द्याय लागली. आत्याबाईंनी उलथनं तापवलं तवा मी हितं, ह्या चौकटीला धरून उभी हुते. एक शबूद बोलले न्हाई. पाळणा जाळला, मी बोलले न्हाई. हिला बिजवराला दिली, मी अक्षता टाकल्या. आन त्या दिवसापास्नं ह्या घरातली समदी पोरं कुशीत निजाय लागली. ज्यानं पोर गेलं, त्येच घराची रीत झाली. म्हनून मी बसायची, अंबू. तुझ्या पोरांवर डोळा न्हवता माझा. तुझ्यावर हुता. तू कवा निजतीस त्यावर."

अंबूबाई पोर घट्ट धरून तशाच उभ्या राहिल्या. तिन्ही बाळंतपणांतल्या सगळ्या दुपारी त्यांना आठवत असाव्यात. मान खाली गेली ती वर येईना. हंबीरराव भिंतीला टेकले.

"आन आमी लीलाला..." एवढंच ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. लीलाबाईनं उजवा हात पदराखालून काढला होता आणि ती त्याच्याकडं दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी बघत होती.

"मी नऊ वर्सांची हुते, वैनी," ती म्हणाली.

"व्हय."

"मी समजायचे, मीच मारला त्येला. शिरवळला शेजारणीचं पोर रांगत आलं तरी दार लावून घ्यायचे मी. आपला हात लागाय नगं म्हनून."

"व्हय गं लीला." माफी मागायची तर केवढ्याची मागायची?

मग हंबीरराव उठले. त्यांनी पाटावर चढून शिंकं काढलं, दुधाचं गाडगं कोनाड्यात ठेवलं, धोतराच्या सोग्यानं कडी पुसली. हवालदार न बोलता ओसरीवरून पाळणा घेऊन आले. जरा वेळापूर्वी एकमेकांवर डोळे वटारणारे दोघे आता साखळ्या मापात आहेत की नाहीत ते बघत होते. साळूनं साताऱ्याहून आणलेली पातळ गोधडी आत अंथरली. उशी ठेवली नाही.

पाळणा टांगला गेला, आणि मग कुणालाच पुढं होता येईना. आण मोडली होती. पहिला हात कुणी लावायचा?

लीलाबाईनं उंबरा ओलांडला. पाळण्यापाशी येऊन तिनं चटक्याचा तळवा त्याच्या कडेवर ठेवला आणि रिकामा पाळणा ढकलला. "आगं..." अंबूबाईंच्या तोंडून निघून गेलं. पाळणा गेला, आला. कडी कुरकुरली. लीलाबाईनं आणखी एकदा ढकलला, पुन्हा एकदा, चांगला जोरात, राघू भिंतीला लागतील असा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. मग हातानं पाळणा थांबवून तिनं दोन्ही हात पुढं केले.

"आना पोर हिकडं."

अंबूबाईंनी दिलं. पस्तीस वर्षांच्या बाईनं पहिल्यांदा तान्हं पोर हातांत घेतलं, आणि कसं धरायचं ते तिला ठाऊक नव्हतं. साळूनं उठून मानेखाली हात लावायला शिकवलं. पोराला उताणं निजवून लीलाबाई पाळण्याजवळ भुईवर बसली आणि तिनं दोरी हातात घेतली.

बनुबाई परसात गेल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. त्यांनी सांडलेल्या शेण्या गोळा केल्या, हात धुतले, आपली दोन लुगडी आणि घोंगडं एका गठुड्यात बांधलं. उन्हं अजून परसात होती. खोपीपर्यंत उजेडातच पोचता आलं असतं. परसातून बाहेर पडायची वाट मात्र माजघरातूनच होती.

"कुटं निगाला?" लीलाबाईनं विचारलं. तिनं मान वळवली नव्हती.

"खोपीत. भावजींनी सांगितलंय."

पाळणा दोनतीनदा गेला आला. बाजेवर साळू गाढ झोपली होती, हातपाय पसरून, आडवीतिडवी. तिला आता झोपायला काही हरकत नव्हती.

"वैनी, माझ्या त्वांडातनं तुमच्यासाठी ग्वाड शबूद निगायचा न्हाई," लीलाबाई म्हणाली. "कवा निगंल, निगंल का न्हाई, ठावं न्हाई मला."

"नगं काडू."

"पन खोपीत नगा जाऊ. पडा हितं भितीकडंला." तिनं दोरी ओढली. "पोरापाशी मी जागी हाय. तुमी झोपा."

बनुबाई काही वेळ गठुडं हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते भिंतीशी ठेवलं, त्यावर डोकं टेकलं आणि वर बघितलं. कडी होती तिथंच होती. त्या कुशीवर वळल्या, हात पोटाशी घेतले. सव्वीस वर्षांत बनुबाई दिवसाउजेडी निजल्या नव्हत्या. पाळणा अजून हलत होता तोवर त्यांना झोप लागली.